कामाच्या बदल्यात खोली द्यायची असेल तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ७६ वर्षांच्या, कोथरूडमधल्या बंगल्यात एकट्या. तुम्ही बंगळुरूला, ताई अमेरिकेत. मागच्या अंगणात आऊटहाऊसची दहा बाय बाराची खोली रिकामी आहे, दार वेगळं, संडास-बाथरूम वेगळं. पलीकडच्या सोसायटीत वॉचमन असलेला एक माणूस बायको आणि नववीतल्या मुलीसह तिथे राहायला तयार आहे. भाडं घ्यायचं नाही, पगार द्यायचा नाही, बाईंनी आईंचं सगळं बघायचं, 'मुलगीही हातभार लावेल'. आणि मग तुम्ही विचारता, दोघांचंही भागतंय तर कागदांची भानगड कशाला?

खोली जरूर द्या. पण ती फुकट देऊ नका आणि कामही फुकट घेऊ नका. खोलीचं भाडं ठरवा, कामाचा पगार ठरवा आणि दोन्ही रकमा दर महिन्याला बँकेतून प्रत्यक्ष जाऊ-येऊ द्या. शेवटी हिशेब शून्यावर आला तरी बिघडत नाही, पण रकमा दोन हव्यात आणि कागदही दोन हवेत. पुण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना सोबतीची आणि कामाची माणसं जुळवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माझ्या डोळ्यांसमोर मोडलेल्या बहुतेक व्यवस्थांमध्ये काम आणि छप्पर यांची एकच गाठ मारलेली होती. काम बिनसलं की राहणं बिनसतं. मालकाला बाई नको असते, पण तिला बाहेर काढणं जिवावर येतं. बाईला काम नको असतं, पण मुलांच्या शाळेच्या मध्यावर दुसरी खोली मिळत नाही. मग दोघंही एकमेकांना सहन करत बसतात, आणि या सगळ्यात मधे असते ती तुमची आई.

आधी एक गोष्ट तपासा. हा सौदा तुम्ही कोणाशी बोललात? तुमच्या लिहिण्यावरून वॉचमनशी. काम कोण करणार? त्याची बायको. आमच्या धंद्यात हे इतकं नेहमीचं आहे की कोणाला खटकतही नाही. घर मिळतं नवऱ्याला, गावाकडे 'पुण्यात बंगल्यात राहतो' असं सांगतो तो, आणि सकाळी साडेसहाला आईंच्या दुधाला उठते ती. आधी ती चार घरची धुणीभांडी करत असेल तर महिन्याला हातात काहीतरी येत होतं. आता ती घरं सुटतात, हातात एक रुपया येत नाही, उलट भाजीला पैसे नवऱ्याकडे मागावे लागतात. दोन-तीन महिने ती काही बोलत नाही. मग हळूहळू खाडे सुरू होतात, भांड्यांचा आवाज वाढतो, 'माझी कंबर दुखते' सुरू होतं. आई तुम्हाला फोनवर सांगतात, 'बाई आळशी निघाली.' ती आळशी नसते हो. तिला पगार नसतो, एवढंच.

म्हणून पहिली अट तुमच्या बाजूने घाला: पगार बाईंच्या स्वतःच्या खात्यावर जाईल. जनधन खातं बहुतेकींकडे असतंच. भाडं नवऱ्याने द्यायचं, कारण त्याला वॉचमनचा पगार मिळतो. हे ऐकल्यावर नवरा कुरकुरला तर ते तुम्हाला आजच कळलेलं बरं. आणि बाईंशी तुम्ही स्वतः बोला, नवरा समोर नसताना, शक्य असेल तर ताईंनी बोलावं. काय काय जमेल, कुठली बाहेरची कामं ती सोडणार नाही, गावाला कधी जाते. मी नेहमी एक प्रश्न विचारते: ही खोली मिळाली नसती तर तुम्ही हे काम किती पैशांना केलं असतं? उत्तर पटकन येतं आणि बहुधा ते खरं असतं.

आता रकमा. खोलीचं भाडं ठरवताना तुमच्या भागातल्या तशाच खोलीचा दर बघा, बंगल्याचा रुबाब त्यात मोजू नका. कामाचा दर तासावर काढण्यापेक्षा पुण्यात जसा चालतो तसाच, कामावर काढा: भांडी इतके, केर-लादी इतके, कपडे इतके, दोन वेळच्या पोळ्या-भाजीचे इतके. शेजारच्या दोन घरांत विचारलंत की गल्लीचा भाव कळतो. उदाहरण म्हणून धरा: खोली ७,००० रुपये. भांडी १,५००, केर-लादी १,५००, दोन वेळचा स्वयंपाक ५,०००. बेरीज ८,०००. म्हणजे तुम्हीच महिन्याला हजार रुपये वर देणं लागता. ही बेरीज करायची वेळ आली की 'फुकट खोली दिली' हा मालकाचा आव आणि 'फुकट राबतो' ही बाईची भावना, दोन्ही निवळतात. बेरीज तुमच्या बाजूने आली तर बाईंना फरक भरावा लागेल किंवा काम थोडं वाढेल, पण तेही बोलून.

या बेरजेत एक गोष्ट कोणीच धरत नाही, ती म्हणजे रात्रीची सोबत. तुम्हाला खरं तर तीच हवी आहे. धुणीभांड्यांना बाई कोथरूडमध्ये मिळते, रात्री दोनला आई बाथरूममध्ये घसरल्या तर धावून येणारं माणूस मिळत नाही. याचे दोन प्रकार करा. बाई स्वतःच्या खोलीत आपल्या माणसांत झोपते, आईंच्या उशाशी बिनतारी बेल आहे, वाजली तर ती येते, हा पहिला. याचे वेगळे पैसे सहसा कोणी मागत नाही, शेजारधर्मात बसतं. दुसरा प्रकार म्हणजे बाईने आईंच्या खोलीत झोपायचं, किंवा 'रात्री घर सोडून कुठे जायचं नाही' अशी अट. हे काम आहे आणि त्याला पैसे आहेत. ज्या माणसाला आपल्या बहिणीच्या लग्नाला हळदीच्या रात्री राहता येत नाही ते माणूस कामावर आहे, मग ते झोपलेलं का असेना. आईंची तब्येत बघता पहिल्या प्रकारावर भागेल असं वाटतं. बेल मात्र आजच आणा आणि ती खोलीपर्यंत ऐकू येते का ते भिंती-दारं बंद करून बघा. जुन्या बंगल्यांच्या जाड भिंतींत स्वस्तातल्या बेलांचा सिग्नल मरतो.

'आईंचं सगळं बघायचं' हे वाक्य करारात येऊ देऊ नका. सगळं म्हणजे काय, याची यादी करा: सकाळचा चहा, केर-लादी, भांडी, दोन वेळचा स्वयंपाक एका माणसाचा, कपडे मशीनला लावून वाळत घालणं, आठवड्यातून एकदा भाजी. औषधांची आठवण करणं चालेल, औषधं ठरवणं नाही. आंघोळ घालणं, डायपर, इन्सुलिन, ड्रेसिंग या यादीत नाही. आज आईंना त्याची गरज नाही हे माहीत आहे, पण लागेल तेव्हा ते या बाईंच्या अंगावर आपोआप पडू नये. तेव्हा ब्युरोतून प्रशिक्षित आया किंवा नर्स वेगळी घ्यायची, असं आताच लिहून ठेवा. पाहुण्यांचंही तेच. तुम्ही चौघं दिवाळीत दहा दिवस आलात की एका माणसाचा स्वयंपाक पाच जणांचा होतो. त्या दिवसांचे जास्तीचे पैसे द्या आणि ते दिवाळीच्या बोनसमध्ये 'धरून' टाकू नका.

यात एक अंदाज घ्यायला परदेशातलं एक उदाहरण उपयोगी पडतं. जर्मनीत म्युनिक, कोलोन अशा शहरांत विद्यार्थ्यांनी ज्येष्ठांच्या घरी मदतीच्या बदल्यात राहण्याची रीतसर योजना आहे. तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना खोली शोधताना ती भेटते. तिचा ढोबळ नियम असा: खोलीच्या दर चौरस मीटरमागे महिन्याला एक तास काम. वीज-हीटिंगचे पैसे वेगळे, आणि शुश्रूषेची कामं त्यात धरायचीच नाहीत. तुमची दहा बाय बारा म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. त्या मापाने महिन्याला अकरा तास! आपल्याकडे तेवढ्याच खोलीच्या बदल्यात लोक रोज चार तास मागतात आणि वर 'घरच्यासारखं ठेवतो' म्हणतात. तिकडची मजुरी वेगळी, भाडी वेगळी, त्यामुळे तो नियम पुण्याला जसाच्या तसा लागू करा असं मी म्हणणार नाही. पण खोलीच्या किमतीला कुठेतरी मर्यादा असते आणि ती संपली की पुढच्या कामाचे रोख पैसे द्यायचे असतात, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

आपल्याकडेही हा प्रकार नवा नाही. वार लावून जेवणारे, वाड्यात एका कोपऱ्यात राहून पाणी भरणारे, मालकांच्या मुलांचा अभ्यास घेणारे विद्यार्थी पुण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. त्याच्या आठवणी लिहिणारे बहुतेक पुढे मोठे झालेले लोक असल्याने त्या गोड आहेत. जे मधूनच गावी परतले त्यांनी काही लिहिलं नाही. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात श्रम आणि शिक्षण जोडलं तेव्हा ते संस्थेच्या पातळीवर, सगळ्यांना सारखं काम या पायावर जोडलं. एका घराच्या मर्जीवर ते सोडलं नाही. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

आता कायदा. इथे मी जरा थांबून लिहिते, कारण तुमचा 'भाडं नको, पगार नको' हा बेत नेमका इथेच अडचणीत येतो.

तुमच्या आईंच्या पिढीला भाडेकरूची भीती का वाटते ते आठवा. १९७३ साली मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सी म्हणून, म्हणजे भाडेकरू नव्हे तर नुसत्या परवानगीने, जागेत होते त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. 'ठेवून घेतलेला' माणूस कायमचा झाला. तेव्हापासून पुण्या-मुंबईत लोक रिकामी खोली कुलपात ठेवतात पण देत नाहीत. आज चित्र वेगळं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे, राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळाली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिलं आहे तो तिथे निर्णायक पुरावा धरला जातो. दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता खूप जवळचा आहे.

पण या कायद्यातली लायसन्सीची व्याख्या वाचा. लायसन्स फी किंवा आकार घेऊन दिलेल्या जागेत राहणारा, अशी ती आहे. पेइंग गेस्ट, कुटुंबातला माणूस आणि मालकाच्या नोकरीत असलेला माणूस यांना ती स्पष्टपणे वगळते. म्हणजे तुम्ही एकाच कागदावर 'घरकामाच्या बदल्यात विनाभाडे खोली' असं लिहिलंत की फी नाही, शिवाय राहणारा नोकरीतला, असा दोन्ही बाजूंनी तो कलम २४ च्या जवळच्या रस्त्यावरून बाहेर जातो. मग नेहमीचा दिवाणी दावा आणि त्याच्या तारखा. उलट त्याने 'मी भाडेकरूच होतो, भाडं कामातून फेडत होतो' असं म्हटलं तर? त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, तुम्ही ते खोटं ठरवेपर्यंत. शिवाय नोंदणी न केल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 'भानगड नको' म्हणून कागद टाळणारा माणूस ही भानगड स्वतःच्या हाताने ओढवून घेतो.

काही जण मला उलट सांगतात की केअरटेकरला कधीच हक्क मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. खरं आहे. २०१२ मध्ये गोव्यातल्या एका घराच्या वादात न्यायालयाने म्हटलं की राखणदार, वॉचमन किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्याला त्या मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. पण त्या घराच्या मालकिणीला हे ऐकायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेही सख्ख्या भावाविरुद्ध. तुमच्या आईंच्या वयाला तो रस्ता नाही.

म्हणून दोन कागद. पहिला, अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स: नवरा-बायको दोघांच्या नावे, राहणाऱ्या तिघांची नावं लिहून, ठरलेल्या खऱ्या फीवर, थोडंसं डिपॉझिट घेऊन. कामाचा त्यात उल्लेखही नको. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का आहे, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. सात हजारांच्या भाड्याला अकरा महिन्यांचं ते दोनशे रुपयांच्या आसपास येतं. शहरात नोंदणी फी हजार रुपये. एजंट घरी येऊन आधारवर अंगठे घेतो, आईंना कुठे जावं लागत नाही. बंगला आईंच्या एकटीच्या नावावर आहे की वडिलांच्या मागे तुमची नावंही लागली आहेत, ते मात्र आधी बघा. दुसरा कागद साध्या भाषेत, कामाचा, फक्त बाईंशी: काम, वेळ, पगार, आठवड्याची सुट्टी, वर्षातले गावाचे दिवस, नोटीस. दोन्ही मसुदे एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला, कारण नोकरीचा मुद्दा समोरची बाजू कधीही उचलू शकते. दोन व्यवहार खरोखर वेगळे चालले याचा बँकेतला पुरावा हाच तिथे तुमचा आधार. म्हणूनच नुसतं कागदावर भाडं दाखवून प्रत्यक्षात काही द्यायचं-घ्यायचं नाही, ही युक्ती करू नका. आणि मिळालेलं भाडं आईंच्या उत्पन्नात दाखवा. त्यातून तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते, बाईंना दिलेल्या पगाराची मात्र वजावट मिळत नाही.

कोणी घरातच, आपल्याच छताखालची एक खोली देत असेल, विशेषतः विद्यार्थिनीला, तर गणित बदलतं. मालक स्वतः राहत असलेल्या जागेचा भाग असल्यामुळे ती पेइंग गेस्ट ठरते, आणि तिला भाडेकरूचं संरक्षण नसलं तरी वर सांगितलेली कलम २४ ची वाटही तिथे गृहीत धरता येत नाही. तिथे माझा भर कागदापेक्षा कामाच्या प्रमाणावर असतो: रोज एक-दीड तासाच्या वर नाही, परीक्षेच्या महिन्यात काही नाही. तुमच्याकडे आऊटहाऊस असल्याने तो विषय इथे सोडते.

पोलीस स्टेशनला माहिती देणं मालकाचं काम आहे. शहरात तसा आदेश लागू असताना ती दिली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होऊ शकतो. ऑनलाइन होतं, अर्ध्या तासाचं काम आहे. ते करताना माणसांना चोर समजल्यासारखं वागू नका. आमची माहिती तुमच्याकडे, तुमची आमच्याकडे, एवढंच.

मुलीबद्दल. ती नववीत आहे, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची. 'मुलगीही हातभार लावेल' हे वाक्य सौद्यातून पूर्ण काढून टाका, तिच्या आई-वडिलांनीच म्हटलं असलं तरी. चौदाच्या आतल्या मुलाला घरकामाला ठेवणं गुन्हा आहेच. चौदाच्या पुढचं वय कायद्यात कुठे बसतं याचा कीस काढत बसायला मी तयार नाही. अठराच्या आतलं कोणी तुमच्या घरात काम करणार नाही, संपलं. आई आजारी पडली म्हणून पोरगी भांडी घासायला आली तर आईंनी तिला परत पाठवावं आणि बदली बाई बोलवावी. हे आईंना तुम्हीच नीट सांगून ठेवा, कारण त्यांच्या पिढीला यात काही गैर वाटत नाही. ती मुलगी संध्याकाळी आईंजवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवते, आई तिचं गणित घेतात, असं आपलं आपण घडलं तर उत्तम. ते कोणाच्या हिशेबात नको.

पत्त्याचा प्रश्न येईल. आधार, शाळा, बँक यांना तुमचा पत्ता द्यायला लोक घाबरतात, 'कब्जा दाखवतील' म्हणून. नोंदणीकृत करार हातात असताना ही भीती धरू नका. ते तुमच्याकडे कोणत्या नात्याने राहतात ते करारच सांगतो. आणि पत्ता नाकारलात तर मुलीच्या प्रत्येक फॉर्मला अडचण. गॅससाठी तुमचं कनेक्शन फोडून देऊ नका. पाच किलोचा छोटू सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो. विजेला सबमीटर लावा आणि महावितरणच्या बिलात तुम्हाला जो दर पडतो तोच लावा. वरचा स्लॅब लागला म्हणून त्यांच्याकडून जास्त घेणारे मालक मी पाहिलेत. फार तर शंभर-दोनशे रुपये वाचतात आणि वर्षभराचं मन दुखतं.

पैशांच्या बाबतीत कडक राहा. आईंचं एटीएम कार्ड, पिन, फोनवरचं पेमेंट यांपैकी काहीही बाईंच्या हातात नको, त्या कितीही प्रामाणिक असल्या तरी. किराणावाल्याकडे खातं ठेवा, तुम्ही बंगळुरूहून महिन्याला भरा. यात संशय नाही. उद्या काही हरवलं तर बाईंवर बोट जायला नको, त्यांचीही सोय आहे. आणि उचल. मुलीच्या फीला, गावच्या घराच्या पत्र्याला पैसे लागतील आणि तुमच्याकडेच मागतील. द्यायचे असले तर द्या, पण 'फिटेपर्यंत काम सोडायचं नाही' असं तोंडानेसुद्धा म्हणू नका. कर्ज फेडण्यासाठी कामाला बांधून ठेवणं वेठबिगारीत जातं आणि १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. उचल पगारातून थोडी थोडी वळती करा आणि माणूस आधी गेला तर उरलेली सोडून देण्याची तयारी ठेवा. तेवढीच उचल द्या.

आणखी एक वाक्य आईंच्या तोंडून निघणार नाही याची काळजी घ्या: 'माझं शेवटपर्यंत कर, ही खोली तुझ्या नावावर करते.' एकट्या माणसाच्या मनात ते येतं, आणि बहुतेक वेळा खऱ्या मायेने येतं. पण त्या शब्दावर दुसरं कुटुंब आपलं आयुष्य आखतं, बंगला रिडेव्हलपमेंटला जायची वेळ आली की ते बाहेर येतं आणि तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांना लबाड म्हणतात. आईंना बाईंसाठी काही ठेवायचं असेल तर त्यांच्या नावाने दरमहा रिकरिंग सुरू करा. त्यात कोणाचा गैरसमज होत नाही.

बाईंना घरकामगार म्हणून काही हक्क आहेत ते तुम्हीच त्यांना सांगा. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना नोंदणी करता येते. त्या तुमच्याकडे काम करतात असं दोन ओळींचं पत्र तुम्ही दिलंत तर त्यांचं काम सोपं होतं. लैंगिक छळविरोधी २०१३ चा कायदा घरकामाच्या जागेलाही लागू आहे, तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आई एकट्या राहतात म्हणून तुमच्या घरी तो प्रश्न नाही असं धरू नका, घरी येणारे-जाणारे नातेवाईक, प्लंबर, ड्रायव्हर असतातच.

सोडण्याच्या अटी सर्वांत शेवटी ठरवतात, आणि म्हणून त्या घाईत राहून जातात. माझा आग्रह असा: काम थांबवायचं तर दोन्हीकडून एक महिन्याची सूचना. काम थांबलं तरी खोली लगेच सुटणार नाही, ठरलेल्या भाड्याने पुढे दोन महिने त्यांना राहता येईल. परीक्षा चालू असेल तर ती संपेपर्यंत. भाडं वेगळं ठरवलेलं असल्याने त्या दोन महिन्यांत कोणी फुकट राहत नाही आणि तुम्हाला दुसरी बाई बाहेरून लावता येते. कराराची मुदत संपूनही खोली सोडली नाही तर कलम २४ आहे. सामान बाहेर काढणं, पाणी तोडणं, कुलूप बदलणं यातलं काहीही करायचं नाही, चार दिवसांसाठीसुद्धा. रागाच्या भरात केलेल्या अशा एका गोष्टीने बरोबर असलेला मालक आरोपी होऊन बसतो.

आता या कुटुंबाबद्दल. वॉचमन रात्रपाळीला असतो की दिवसपाळीला, ते तुम्ही लिहिलं नाही. रात्रपाळी असेल तर रात्री बाई आणि मुलगी दोघीच मागे असतील. आईंना हाक मारायला त्या पुरेशा आहेत, पण फाटकाच्या कुलपाचं आणि मागच्या दिव्याचं आधी बघून घ्या. त्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी एकदा बोला, बाईंच्या आताच्या दोन घरी ताईंनी फोन करावा. पहिला महिना खोली न देता नुसतं काम करून घ्या, रोख पगारावर, बाई बाहेरून येऊ देत. आईंचं त्यांच्याशी जमतं का ते तेवढ्यात कळतं, आणि नाही जमलं तर कोणाला घर हलवावं लागत नाही. जमलं तर पुढच्या महिन्यात करार करा. पहिल्या तीन महिन्यांनी तुम्ही स्वतः चार दिवस येऊन राहा, सकाळपासून रात्रीपर्यंत बाई खरोखर किती वेळ घरात असतात ते बघा आणि यादीपेक्षा काम वाढलेलं दिसलं तर त्यांनी मागायच्या आत पगार वाढवा.